आपल्याच शरीरावर उलटणारे सैन्य आणि त्याला आवरणारे प्रथिन

आठवीच्या वर्गातली एक मुलगी तासाला दोनदा पाणी प्यायला आणि दोनदा लघवीला जाण्याची परवानगी मागू लागली, तेव्हा आम्ही तिला रागावलो होतो. मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी एप्रिलच्या उन्हात पाणी जास्त लागणारच, असे आम्ही धरून चाललो. ती वाळत चालली होती, तेही आम्ही परीक्षेच्या काळजीवर ढकलले. मग एके दिवशी ती शाळेत आली नाही. ती जालन्याच्या दवाखान्यात बेशुद्ध अवस्थेत दाखल झाल्याचे दुसऱ्या दिवशी कळले. रक्तातली साखर खूप वाढली होती. बारा वर्षांच्या मुलीला मधुमेह झाला होता.

पंधरा दिवसांनी आम्ही तिच्या घरी गेलो. फ्रीज नसल्यामुळे इन्सुलिनची बाटली ओल्या मडक्यात, कोरड्या डब्यात बंद करून ठेवलेली होती. तिची आई म्हणाली, "सर, आमच्या खानदानात कुणालाच शुगर नाही. मग लेकराला कुठून आली? सासूबाई म्हणतात, तुझ्याच माहेरचं काहीतरी आलंय." मुलीचा प्रश्न वेगळाच होता. "सर, डॉक्टर म्हणाले, माझ्याच शरीरानं माझ्या पेशी मारल्या. असं कसं होईल?"

या दोन प्रश्नांची उत्तरे शोधत गेलो, तेव्हा आमची गाठ एका विलक्षण प्रथिनाशी पडली. त्याचे नाव फॉक्सपी-३. या प्रथिनाशी निगडित शोधांना २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. हे प्रथिन पेशीत काय करते आणि ते बिघडले तर काय घडते, ते या लेखात पाहू या.

सैन्यातच फितुरी का होते?

आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये 'टी-पेशी' नावाचा एक मोठा गट आहे. त्या जन्मतात अस्थिमज्जेत, पण तयार होतात छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत. प्रत्येक टी-पेशीच्या पृष्ठभागावर एक ग्राहक रेणू असतो. त्याच्या साह्याने ती परक्या प्रथिनांचे तुकडे ओळखते. उद्या कोणता जंतू येईल हे शरीराला आज माहीत नसते. म्हणून हे ग्राहक अक्षरशः पत्ते पिसावेत तसे जनुकांचे तुकडे जुळवून बनवले जातात. त्यामुळे कोट्यवधी प्रकारचे ग्राहक तयार होतात. जगात अजून न आलेल्या जंतूलाही ओळखणारी टी-पेशी आपल्यात असू शकते, ती यामुळेच.

पण पिसलेल्या पत्त्यांतून नको असलेला डावही निघतो. काही टी-पेशींचे ग्राहक शरीराच्या स्वतःच्याच प्रथिनांना चिकटतात. थायमसमध्ये अशा पेशींची कसून तपासणी होते. तिथल्या काही पेशी 'एअर' नावाच्या नियामक प्रथिनाच्या मदतीने इन्सुलिनसारखी दूरच्या अवयवांची प्रथिनेही थोड्या प्रमाणात बनवून दाखवतात. त्यांना घट्ट चिकटणाऱ्या बहुतेक टी-पेशी तिथेच नष्ट केल्या जातात.

ही चाळण मात्र पूर्ण निर्दोष नाही. काही फितूर पेशी निसटून रक्तात येतातच. तुमच्या-आमच्या प्रत्येकाच्या शरीरात त्या आत्ताही फिरत आहेत. असे असूनही बहुतेक माणसांना स्वयंप्रतिकार रोग होत नाही. म्हणजे चाळणीखेरीज दुसरी काही व्यवस्था असलीच पाहिजे.

आवर घालणाऱ्या पेशी

या दुसऱ्या व्यवस्थेचा सुगावा एका विचित्र प्रयोगातून लागला. जपानी संशोधकांनी १९६९ साली जन्मानंतर तिसऱ्या दिवशी उंदरांच्या पिलांची थायमस ग्रंथी काढून टाकली. टी-पेशींचा कारखानाच बंद केल्यावर प्रतिकारशक्ती मंदावेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण या उंदरांची प्रतिकार यंत्रणा उलट बेफाम झाली आणि तिने त्यांच्याच अवयवांवर हल्ला चढवला.

शिमोन साकागुची या जपानी शास्त्रज्ञाला या कोड्याने पछाडले. त्यांचा तर्क असा की थायमसमधून हल्ला करणाऱ्या पेशींबरोबर हल्ला आवरणाऱ्या पेशीही बाहेर पडतात, पण त्या थोड्या उशिरा. तिसऱ्या दिवशी ग्रंथी काढली की पहिल्या पेशी बाहेर पडलेल्या असतात आणि दुसऱ्या आतच राहून जातात. त्या काळी अशा पेशींच्या कल्पनेवरून शास्त्रज्ञांचा विश्वास उडाला होता. तरी साकागुची शोध घेत राहिले. १९९५ साली त्यांनी या पेशींची खूण दाखवून दिली. त्यांच्या पृष्ठभागावर सीडी-२५ नावाचे प्रथिन भरपूर असते. सीडी-२५ असलेल्या पेशी काढून टाकून उरलेल्या टी-पेशी थायमस नसलेल्या उंदरांना दिल्या, तर त्यांना स्वयंप्रतिकार रोग होत. काढलेल्या पेशी परत दिल्या की रोग टळे.

या पेशींना 'नियामक टी-पेशी' म्हणतात. सीडी-४ गटातल्या टी-पेशींपैकी त्या साधारण ५ ते १० टक्केच असतात. मोजक्याच, पण त्यांच्याविना सारा कारभार कोसळतो.

विसावे जनुक

दुसरा धागा अमेरिकेत सापडला. ओक रिज येथील प्रयोगशाळेत किरणोत्साराच्या परिणामांचा अभ्यास चालू असताना १९४०च्या दशकात उंदरांची एक अजब जात आपोआप निर्माण झाली होती. तिच्यातल्या काही नरांची कातडी खपल्या धरल्यासारखी होई, प्लीहा आणि लसिका ग्रंथी सुजत आणि ते काही आठवड्यांतच मरत. माद्या मात्र ठणठणीत राहत. त्यावरून दोष एक्स गुणसूत्रावर आहे, हे तेव्हाच उमगले होते.

मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी १९९०च्या दशकात हा दोष शोधायचे ठरवले. आजच्यासारखी जनुकसंचाची छापील यादी तेव्हा हाताशी नव्हती. त्यांनी एक्स गुणसूत्रावरील शोधाचे क्षेत्र आकसत आकसत सुमारे ५ लाख अक्षरांपर्यंत आणले. तिथे २० जनुके असावीत असे दिसले. एकेक जनुक निरोगी उंदराशी ताडून पाहता पाहता शेवटच्या, विसाव्या जनुकात दोष सापडला. त्या जनुकाला त्यांनी नाव दिले फॉक्सपी-३. हे २००१ साल. त्याच वर्षी माणसांतल्या एका दुर्मीळ रोगाचे मूळही याच जनुकात असल्याचे स्पष्ट झाले. त्या रोगाकडे आपण पुढे वळणार आहोत.

उंदरांच्या जनुकात केवढा बिघाड होता? फक्त दोन अक्षरे जास्त घुसली होती! एवढ्याने काय होते, ते फळ्यावर दाखवता येते. डीएनएमधील अक्षरे तीन-तीनच्या गटाने वाचली जातात. आपणही तीन-तीन अक्षरांच्या शब्दांचे एक वाक्य घेऊ:

आजीने – सकाळी – गरम – भाकरी – वाढली.

आता 'सकाळी'नंतर 'ट' आणि 'प' ही दोन अक्षरे घुसवा आणि पुन्हा तीन-तीनच्या गटाने वाचा:

आजीने – सकाळी – टपग – रमभा – करीवा – ढली.

घुसखोरीच्या आधीचा भाग शाबूत राहिला, पुढचा सगळा अर्थ गेला. त्या उंदरांत नेमके असेच झाले. फॉक्सपी-३ प्रथिनाचा डीएनएला धरणारा भाग त्याच्या शेवटच्या टोकाकडे असतो. बिघाडामुळे तोच बनेना. हात तुटलेले प्रथिन काय काम करणार?

हे दोन धागे २००३ साली जुळले. साकागुची यांनी आणि त्याच सुमारास इतर दोन गटांनी दाखवले, की नियामक टी-पेशींची घडण फॉक्सपी-३ या जनुकावरच अवलंबून असते. साध्या टी-पेशीत हे जनुक चालू केले, तर ती आवर घालण्याचे काम करू लागते.

पेशीच्या आत काय चालते?

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. आपल्या जवळजवळ सर्व पेशींच्या केंद्रकांत तीच सुमारे २० हजार प्रथिन-जनुके असतात. तरी डोळ्याची पेशी वेगळी आणि यकृताची वेगळी. कारण प्रत्येक पेशी त्यांतली ठरावीक जनुकेच वाचते. जनुकाच्या पुढच्या बाजूला डीएनएचा एक पट्टा असतो. तो त्या जनुकाचा खटकाच म्हणा ना.

ही गोष्ट आपल्या जालना जिल्ह्याला नवी नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली जालन्यात सुरू केलेल्या महिको कंपनीच्या बीटी कपाशीला २००२ साली लागवडीची परवानगी मिळाली. त्या कपाशीत बोंडअळीला मारणारे प्रथिन बनवण्याचे जनुक एका जिवाणूतून आणलेले आहे. पण नुसते जनुक आणून भागत नाही. त्याच्यापुढे फुलकोबीवरील एका विषाणूचा खटका जोडला आहे. हा खटका पान, देठ, बोंड अशा सर्व भागांत चालूच राहतो. आपल्या शरीरातले बहुतेक खटके असे सदा चालू नसतात. त्यांच्यावर विशिष्ट प्रथिने येऊन बसली, की ते चालू किंवा बंद होतात. या प्रथिनांना जनुक-नियामक प्रथिने म्हणतात. फॉक्सपी-३ हे त्यांपैकीच एक.

माणसातील फॉक्सपी-३ प्रथिन ४३१ अमिनो आम्लांच्या साखळीचे असते. इतर प्रथिनांप्रमाणे ते पेशीद्रवात तयार होते आणि मग केंद्रकात शिरते. त्याच्या डीएनए पकडणाऱ्या भागाला 'फोर्कहेड' म्हणतात. हे नाव फळमाशीवरून आले. या कुळातले पहिले जनुक तिच्यात सापडले. ते बिघडले तर माशीच्या गर्भात दुबेळक्यासारखी रचना दिसते.

फॉक्सपी-३ एकटे काम करत नाही. एक उदाहरण पाहू. साध्या टी-पेशीला शत्रू दिसला, की 'एनफॅट' नावाचे प्रथिन केंद्रकात धावते आणि 'एपी-१' या जोडीदाराबरोबर इंटरल्युकिन-२ च्या जनुकाचा खटका चालू करते. इंटरल्युकिन-२ हे टी-पेशींचे जणू खत. ते मिळाले की त्या भराभर वाढतात. नियामक पेशीत मात्र एनफॅटशेजारी फॉक्सपी-३ येऊन बसते. खटका तोच, पण जोडीदार बदलल्यामुळे आज्ञा उलटी होते आणि इंटरल्युकिन-२ चे जनुक बंद राहते. हीच जोडी दुसरीकडे सीडी-२५ आणि सीटीएलए-४ या प्रथिनांच्या जनुकांवर बसते, तेव्हा ती जनुके जोरात चालू होतात. म्हणजे एकच प्रथिन एका ठिकाणी जनुक दाबते आणि दुसऱ्या ठिकाणी चालवते.

या फेरफाराचा परिणाम फार सुंदर आहे. सीडी-२५ हा इंटरल्युकिन-२ पकडणाऱ्या ग्राहकाचा भाग आहे. नियामक पेशी स्वतः खत बनवत नाही, पण शेजाऱ्यांनी बनवलेले खत आपल्या भरपूर सीडी-२५ ने ओढून घेते. हल्लेखोर पेशी उपाशी पडतात. दुसरीकडे, ज्या पेशी शत्रूचे तुकडे टी-पेशींना दाखवून त्यांना चेतवतात, त्यांच्या पृष्ठभागावरील चेतवणारे रेणू सीटीएलए-४ काढून घेते. याखेरीज शांत करणारी काही रसायनेही नियामक पेशी सोडते. अशा तिहेरी उपायांनी हल्ला आटोक्यात येतो.

२०२३ साली आणखी एक रहस्य उलगडले. डीएनएत काही ठिकाणी 'टी' अक्षराच्या छोट्या रांगा आणि मध्ये एकेक 'जी' अशी पुनरावृत्ती असते. तिथे फॉक्सपी-३ चे अनेक रेणू ओळीने बसतात आणि डीएनएचे दोन धागे शिडीच्या खांबांसारखे जवळ बांधतात. म्हणजे हे प्रथिन खटक्यांवर बसते आणि डीएनएची घडीही बदलते.

आता एक प्रश्न चलाख विद्यार्थी नक्की विचारेल. फॉक्सपी-३ इतर जनुकांचे खटके फिरवते, पण त्याचा स्वतःचा खटका कोण सांभाळते? माणसाच्या साध्या टी-पेशीतही चेतल्यावर थोडा वेळ फॉक्सपी-३ दिसते आणि नाहीसे होते. खऱ्या नियामक पेशीत मात्र या जनुकाच्या एका विशिष्ट पट्ट्यावरील मिथिल गटांच्या खुणा पुसलेल्या असतात. त्यामुळे ते जनुक कायम उघडे राहते. पेशी दुभंगली तरी ही आठवण दोन्ही लेकींकडे जाते. या खुणांवर काम केलेल्या शास्त्रज्ञांपैकी गिरधारी लाल हे पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात संशोधन करतात. आपल्या राज्यातही या विषयाची प्रयोगशाळा आहे, हे मुलांना जरूर सांगावे.

दोष आईचा नव्हे

माणसातले फॉक्सपी-३ जन्मतः बिघडलेले असेल तर होणाऱ्या रोगाला 'आयपेक्स' म्हणतात. तो फार दुर्मीळ आहे. मुलगा जन्मल्यावर बहुधा काही महिन्यांतच त्याला न थांबणारे जुलाब, इसबासारखी कातडी आणि मधुमेह असे एकापाठोपाठ सुरू होते. उपचार न मिळाल्यास बरीच बाळे पहिल्या काही वर्षांतच दगावतात. ज्या घरात एकामागून एक मुलगेच तान्हेपणी जातात, तिथे बोट कोणाकडे दाखवले जाते, हे आपल्याला सांगायला नको.

विज्ञान काय सांगते? आईला दोन एक्स गुणसूत्रे असतात, मुलाला एकच, आणि तेही आईकडून मिळालेले. आईच्या एका एक्सवर बिघडलेले जनुक असेल, तर प्रत्येक मुलग्याला रोग होण्याची शक्यता निम्मी आणि प्रत्येक मुलगी वाहक असण्याची शक्यता निम्मी. कधी कधी दोष त्याच पिढीत नव्यानेही उपजतो. आईने काही खाल्ले, काही केले, म्हणून तो येत नाही.

मग आई स्वतः निरोगी कशी? स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र झोपवलेले असते. कोणते, ते गर्भावस्थेतच नशिबाने ठरते. ज्या पेशीत बिघडलेला एक्स जागा आहे, ती नियामक पेशी म्हणून टिकत नाही. ज्यांत चांगला एक्स जागा आहे, त्याच नियामक पेशी वाढतात आणि सारी जबाबदारी पेलतात. म्हणून वाहक आईच्या नियामक पेशी पाहिल्या तर जवळजवळ सगळ्यांत चांगलाच एक्स चालू दिसतो.

आयपेक्सचे निदान करता येते. मुंबईत परळला केईएम रुग्णालयाच्या आवारात राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था आहे. जन्मजात प्रतिकारदोषांच्या तपासण्या तिथे होतात. उपचारात प्रतिकार यंत्रणेला दाबणारी औषधे देतात. जुळणारा दाता मिळाला तर मूलपेशींचे रोपण करतात. एक गोष्ट प्रत्येक शिक्षकाने आणि आशाताईने लक्षात ठेवावी. सहा महिन्यांच्या आतील बाळाला मधुमेह झाला, तर तो बहुधा नेहमीचा मधुमेह नसतो. त्याची जनुक-तपासणी झालीच पाहिजे, कारण त्यावर उपचाराची दिशा ठरते.

आमच्या विद्यार्थिनीचे काय?

तिला आयपेक्स नाही. तिचे फॉक्सपी-३ जनुक बहुधा धडधाकट आहे. तिचा आजार म्हणजे पहिल्या प्रकारचा मधुमेह. स्वादुपिंडातील इन्सुलिन बनवणाऱ्या बीटा पेशी तिच्याच टी-पेशींनी मारल्या. त्यामागे एकच दोषी जनुक नसते. अनेक जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो आणि त्याला परिस्थितीची जोड मिळते. सर्वांत मोठा वाटा सहाव्या गुणसूत्रावरील एचएलए जनुकांचा आहे. लहान वाटेकऱ्यांच्या यादीत दोन ओळखीची नावे दिसतात: सीडी-२५ आणि सीटीएलए-४! फॉक्सपी-३ ज्यांचे खटके फिरवते, तीच ही जनुके. दुर्मीळ रोगाने दाखवलेली वाट अशी नेहमीच्या रोगापर्यंत येऊन पोहोचते.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाने, हैदराबादच्या पेशीय व रेण्वीय जीवविज्ञान केंद्राने आणि इंग्लंडमधील एक्सेटर विद्यापीठाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले, की अनेक जनुकांचे गुण एकत्र मोजून भारतीय रुग्णांतही पहिल्या प्रकारचा मधुमेह दुसऱ्या प्रकारापासून वेगळा ओळखायला मदत होते.

नियामक पेशी प्रयोगशाळेत वाढवून रुग्णाला परत देण्याचे प्रयोग जगात चालू आहेत. टी-पेशींना थोपवून हा मधुमेह काही काळ लांबवणाऱ्या एका औषधाला अमेरिकेत २०२२ साली मान्यता मिळाली आहे. पण आज आजार जडलेल्या मुलाला इन्सुलिनशिवाय पर्याय नाही. कोणत्याही जडीबुटीच्या नादाने ते बंद करणे म्हणजे जिवाशी खेळ आहे.

त्या आईला आम्ही सांगितले, "ताई, हे तुमच्या माहेरचंही नाही आणि सासरचंही नाही. थोडं-थोडं दोन्हीकडून आलेलं असतं आणि त्यात कुणाचाच गुन्हा नसतो." मुलीला सांगितले, की तिचे शरीर तिचे वैरी नाही. कोट्यवधी पेशींच्या सैन्याला आवरणाऱ्या पेशी एका आघाडीवर कमी पडल्या, एवढेच.

आता ती मधल्या सुट्टीआधीही डबा खाऊ शकते. पाणी प्यायला आणि बाहेर जायला तिला परवानगी मागावी लागत नाही. टेबलाच्या खणात आम्ही साखरेची पुडी ठेवतो. ती घामाघूम होऊन थरथरू लागली, तर साखर कमी झाली हे ओळखून शुद्धीवर असतानाच तिला ती लगेच खायला द्यायची, हे तिच्या वर्गमैत्रिणींनाही माहीत आहे. आणि एखादे मूल वारंवार पाणी पिऊ लागले, वारंवार लघवीला जाऊ लागले, वाळू लागले, तर आम्ही आता रागावत नाही. त्याच दिवशी पालकांना बोलावून रक्तातली साखर तपासायला पाठवतो.

वर्गात करून पाहा

एक्स गुणसूत्रावरील दोषाची वाटणी समजण्यासाठी दोन नाणी घ्या. पहिले नाणे आईचे: छापा म्हणजे चांगला एक्स, काटा म्हणजे बिघडलेला एक्स. दुसरे वडिलांचे: छापा म्हणजे एक्स, काटा म्हणजे वाय. प्रत्येक विद्यार्थ्याने दोन्ही नाणी एकदम दहा वेळा उडवून नोंद करावी. निरोगी मुलगी, वाहक मुलगी, निरोगी मुलगा आणि आजारी मुलगा असे चार रकाने करा. एकट्याच्या नोंदी वेड्यावाकड्या येतील, पण साऱ्या वर्गाची बेरीज केली की चारही रकाने जवळजवळ सारखे भरतील. मग मुलांना विचारा, "या खेळात आईने काय चूक केली?" उत्तर मुलांनाच देऊ द्या.